बोरवरचा नारळ: जाणणं आणि मानणं

कातळवाट

भूजल सर्वेक्षणाच्या कामात माझी सगळी नोकरी गेली. माण, खटाव, आटपाडी, आष्टी, पाटोदा, असे कायम आभाळाकडे डोळे लावून बसलेले तालुके. निवृत्तीनंतर वाचायला निवांत वेळ मिळाला. आगरकर वाचले, ज्ञानदेव वाचले, विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरचं जे हाताला लागलं ते वाचलं. तरी देव, ज्ञान आणि जगण्याचा अर्थ हे तिन्ही प्रश्न बोरच्या गाडीपाशी जितके उघडे पडताना पाहिले तितके पुस्तकात सापडले नाहीत. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र, मधला घट्ट. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा, त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. गाळाच्या प्रदेशात पाणी दूरवर सलग पसरलेलं असतं. आपल्याकडे ते वरच्या मुरमात असतं नाहीतर कातळाच्या भेगांत. भेग सापडली तर पाणी, चार हात बाजूला गेलात तर नुसता धुरळा.

आम्ही जमिनीत चार खुंट्या ठोकून वीज सोडायचो आणि खालचा खडक तिला किती अडवतो ते मोजायचो. विरोध कमी आला तर खाली ओल असू शकते. पण चिकणमाती आणि रेड बोलही विरोध कमीच दाखवतात. त्यामुळे अहवालात आमचा ठरलेला शब्द असायचा, 'शक्यता'.

आता बोरचा दिवस. गाड्या बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या. एक रिगची, म्हणजे भोक पाडणाऱ्या यंत्राची, एक कॉम्प्रेसरची. पोरंही तिकडचीच, मराठी पाच-पन्नास शब्दांपुरतं. रिगला लिंबू बांधलेलं. खुणेच्या दगडाला मालकीण हळदीकुंकू लावते, मालक नारळ फोडतो, मग इंजिन सुरू होतं. आधी मुरूम निघतो, केसिंग पाइप बसतो आणि त्यानंतर राखाडी भुकटी उडायला लागते. आटपाडी भागात एका बोरवर मी एका बाईंना बांधावर बसून रॉड मोजताना पाहिलं. वीस फुटी रॉड. एक आत गेला की वीस फुटांचे पैसे वाढले, ते हिशेब त्या बोटांवर ठेवत होत्या. भुकटीकडे त्या बघतच नव्हत्या. ओठ हलत होते. त्यात आकडे किती आणि देवाचं नाव किती हे मला कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही.

माझा मुद्दा असा. त्या शेतात दोन नारळ होते. पहिला पाणाड्याचा, म्हणजे काडी किंवा नारळ घेऊन जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याचा. तळहातावर आडवा ठेवायचा, तो उभा राहिला की खाली पाणी. हा नारळ 'मला माहीत आहे' असं म्हणतो. ते खोटं आहे आणि त्याला विरोध करायलाच हवा. दुसरा नारळ त्या घरचा. तो कुठे खणायचं हे सांगत नाही, कारण जागा आधीच ठरलेली असते. तो माझ्या अहवालाशी भांडत नाही. माझा अहवाल जिथे थांबतो तिथे तो फुटतो.

आणि अहवाल थांबतो हे नक्की. माझं शास्त्र शेकडो बोरांबद्दल बोलतं. अशा खडकात, अशा उतारावर, एवढ्यांतल्या इतक्या लागतात. त्या बाईंची बोर मात्र एकच होती. एकच कर्ज, एकच जमिनीचा तुकडा, एकच आयुष्य. शक्यता म्हणजे काय हे मी त्यांना समजावू शकत होतो. ती घेऊन बांधावर बसायचं कसं, हे मला सांगता येत नव्हतं.

प्रश्न हा की दुसऱ्या नारळातला देव प्रामाणिक आहे का? की तोही पहिल्याचाच भाऊ? माझं मत वर दिलं आहे, पण हट्ट नाही. मनमोकळं लिहा.

---

चिकित्सक

काका, लेख मनापासून आवडला, पण मूळ मुद्द्यालाच विरोध नोंदवतो.

पाणाड्यांचं आधी. जर्मनीत कासेलला १९९० साली तीस जणांची रीतसर चाचणी झाली. अर्धा मीटर खोल पाइप पुरला. त्यातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. निकाल नाणं उडवून मिळेल तसाच आला. आपल्याकडे २००८ साली जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांच्यासह काही जणांनी पुण्यात ज्योतिषाची अशीच परीक्षा घेतली. सत्तावीस ज्योतिषी, प्रत्येकाला चाळीस कुंडल्या, मूल हुशार की गतिमंद ते ओळखायचं. बरोबर उत्तरं ४६ टक्के. यावर आपलं दुमत नाहीच.

दुमत पुढे आहे. दोन नारळ वेगळे आहेत हे तुम्हाला दिसतं, कारण तुम्ही भूशास्त्र शिकला आहात. ज्या घरात दुसरा नारळ फुटतो त्याच घरात आदल्या दिवशी पाणाड्याला दक्षिणा दिलेली असते. 'वर कोणीतरी आहे' ही सवय एकदा लागली की त्याचा निरोप्या म्हणून कोणीही दारात उभा राहू शकतो. आगरकरांनी 'सुधारक'मध्ये देवतांच्या उत्पत्तीची चिकित्सा केली ती यासाठीच. भीती आणि अज्ञान या मुळालाच हात घालायचा, फांद्या छाटत बसायचं नाही.

त्या बाईंना देवापेक्षा कोरड्या बोरचा विमा हवा होता. तो मिळाला असता तर रॉड मोजावे लागले नसते.

---

माळकरी

मी पंढरपूर तालुक्यातली, शाळेत शिकवते. घरात तीन पिढ्यांची माळ आहे. चिकित्सक यांच्या विम्याच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा. तो मिळावाच.

पण 'भीती आणि अज्ञान' एवढ्यावर आमची भक्ती संपत नाही. आमच्या घरी नवस बोलत नाहीत. आजोबा म्हणायचे, विठ्ठलाकडे मागायला जायचं नसतं, भेटायला जायचं असतं. मुलगी तापाने फणफणलेली असताना मी डॉक्टरांकडे धावले, आणि संध्याकाळी हरिपाठही म्हटला. हरिपाठाने ताप उतरेल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. म्हटला, कारण संध्याकाळ झाली होती.

तुकोबांचं बघा. १६३० च्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, सावकारी बुडाली. देवाने काय दिलं? हिशेबाने पाहिलं तर काहीच नाही. आणि त्यानंतर या माणसाने आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणं होतं ते सोडून दिलं. घाबरलेला माणूस असा वागत नाही. चोखोबा तर मंगळवेढ्याला कुसू बांधताना भिंतीखाली सापडून गेले. ज्या देवाचे अभंग रचले त्याच्या देवळात जन्मभर पाऊल टाकू दिलं नव्हतं. फळ मिळालं तरच टिकणारी श्रद्धा असती तर चोखोबांची एक ओळही आपल्यापर्यंत आली नसती.

---

चिकित्सक

माळकरी ताई, चोखोबांचं उदाहरण माझ्या बाजूने जास्त बोलतं असं वाटतं. त्यांच्यानंतर सहाशे वर्षं ते दार बंदच होतं. १९४७ साली साने गुरुजींना त्यासाठी उपोषणाला बसावं लागलं. इतकी भक्ती असलेल्या समाजात हे कसं चाललं?

---

माळकरी

चाललं, आणि त्याची लाज आम्हाला वाटलीच पाहिजे. पण दार बंद कोणी ठेवलं? देवाला काय चालतं आणि काय विटाळतं हे आपल्याला माहीत आहे असं म्हणणाऱ्यांनी. कातळवाट काकांच्या भाषेत तो पहिला नारळ. चोखोबा बाहेर उभे होते त्यांचा देव दुसरा होता. आणि साने गुरुजी नास्तिक नव्हते हेही लक्षात घ्या.

---

संहितावाचक

थोडं पाणाड्यांच्या बाजूने. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त दकार्गल नावाचा अख्खा अध्याय जमिनीखालच्या पाण्यावर आहे. सहाव्या शतकातला ग्रंथ. कोणत्या झाडाजवळ, वारूळ कोणत्या दिशेला असलं तर किती खोलीवर पाणी, खणताना कोणत्या रंगाची माती, कसला दगड लागेल, अशी सगळी वर्णनं. उंबर, जांभूळ, अर्जुन ही झाडं त्यात येतात. सगळं बरोबर आहे असा माझा दावा नाही. पण हे पाहून लिहिलेलं आहे. हे ज्ञान तोंडी फिरत राहिलं, कारण विसरलं गेलं आणि विधी तेवढा उरला. आपल्याकडच्या पुष्कळ श्रद्धा अशा असाव्यात, एके काळचं निरीक्षण ज्याची चिकित्सा थांबली. त्यामुळे पाणाड्याला सरळ खोटारडा म्हणायला मी तयार नाही.

---

कातळवाट

संहितावाचक, उंबराचं आम्हीही बघायचो. खोल मुळांची झाडं ओळीने हिरवी दिसली तर खाली भेग असू शकते, हे आजही धरून चालतात. जुन्या पाणाड्यांतले काही जण शिवार फार बारकाईने बघायचे. त्यांच्या हातातल्या काडीपेक्षा त्यांचे डोळे जास्त काम करत असावेत. पण मग श्रेय डोळ्यांना द्यावं. काडीला दिलं की पुढची पिढी डोळे वापरायचं सोडून देते.

---

कोरडवाहू

मी वाचतो, लिहीत नाही सहसा. आज लिहितो.

आमच्यात दोन्ही झालंय. एक बोर पाणाड्यानं दाखवली, फेल गेली. पुढं एक रीतसर सर्व्हे करून घेतली, ती पण फेल गेली. दुसऱ्या वेळी भुकटी उडत होती तेव्हा आबा गाडीपासून लांब जाऊन पाठमोरे उभे होते. गाडीवाल्यानं हातानं खूण केली, अजून घालू का? आबांनी मान हलवली आणि अजून दोन रॉड घातले. त्या दोन रॉडांचे पैसे फेडायला एक म्हैस गेली.

नंतरचं सांगतो. पाणाडी परत आला. म्हणाला, पितरांचा दोष आहे, शांत करावी लागंल. सर्व्हेवाल्यांकडनं कोणी आलं नाही, अहवालात शक्यता लिहिलीच होती म्हणे. लोक म्हणतात शेतकरी अडाणी, पाणाड्याकडं जातो. अहो, तो परत तरी येतो. खोटं का होईना कारण सांगतो. कोरड्या बोरनंतर माणसाला 'का' पाहिजे असतं. तुमचं शास्त्र म्हणतं, तसं काही कारण नाही, भेग चुकली. हे खरं आहे, मला पटतंय. पण आबांना ते महिनोन् महिने पटत नव्हतं. आपण कुणाचं वाईट केलं, हेच शोधत बसायचे.

आबांनी देव सोडला नाही. दिवा रोज लागतो. पण नारळ फोडायचं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, त्याला मधी घालायचं नाही आता. यावर जाणत्यांनी काय ते सांगावं.

---

निळी पहाट

कोरडवाहू दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी नागपूरची. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी दीक्षाभूमीवर होती. तेव्हापासून आमच्या घरात देव नाही. या धाग्यावर सगळेच गृहीत धरताहेत की ज्ञान संपतं तिथे एक रिकामी जागा उरते आणि तिथे देव येतो, मग तो बरा की वाईट एवढाच वाद. आमच्याकडे ती जागा अशी नाही. विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट बुद्धांनी सांगितली आहे. बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कसलं होतं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणणारा माणूस उत्तर मिळण्याआधीच मरेल. जग शाश्वत आहे का, मृत्यूनंतर काय, असल्या प्रश्नांवर बुद्ध बोलले नाहीत ते म्हणूनच. दुःख आहे, ते कमी करायची वाट आहे, तिकडे लागा.

वडील गेले तेव्हा आजीने त्रिशरण-पंचशील म्हटलं. मुलगा गेला होता तिचा. कोणाला हाक मारली नाही, कोणावर रागावली नाही. दुसऱ्या दिवशी उठून माझ्या आईला जबरदस्तीने जेवायला बसवलं. तिच्या जगण्याला अर्थ नव्हता असं मला कोणी सांगू नये.

'का' शोधणं ही भूक आहे, मान्य. पण पितरांचा दोष हे त्या भुकेला दिलेलं अन्न नाही, ती दुसरी जखम आहे. आपण कुणाचं वाईट केलं म्हणून पाणी लागलं नाही, हा विचार आबांच्या डोक्यात कोणी भरला? अडलेल्या माणसाला त्याच्याच पापाची यादी करायला लावणारी शिकवण आमच्या आजीने ओळखली होती. म्हणूनच ती दीक्षाभूमीवर गेली.

---

अनंतश्रेणी

कॅनडात संख्याशास्त्र शिकवतो. 'माझं शास्त्र शेकडो बोरांबद्दल बोलतं, त्या बाईंची एकच' या वाक्यावर अडकलो. एका घटनेची संभाव्यता म्हणजे काय, यावर आमच्या विषयात जुना आणि न मिटलेला वाद आहे. एक घराणं म्हणतं, संभाव्यता म्हणजे दीर्घकालीन वारंवारता. एकुलत्या घटनेला ती लावायचीच कशी? दुसरं म्हणतं, संभाव्यता म्हणजे आपल्या खात्रीचं माप, ते एका बोरलाही लावता येतं. मी दुसऱ्या बाजूचा. त्यामुळे ज्ञान त्या बांधापाशी थांबतं हे मला मान्य नाही. जास्तीत जास्त किती फूट जायचं हे गाडी यायच्या आधी ठरवता येतं. दोन रॉड जास्त घालायचा निर्णय भुकटी उडताना घ्यायचाच नसतो.

पण वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा डॉक्टरांनी मला टक्के सांगितले. ते टक्के कसे काढतात हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्या रात्री त्या माहितीचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. मी देव मानत नाही, तेव्हाही आठवला नाही. वडिलांचे पाय चेपत बसलो. एवढंच सांगता येईल.

---

अनुभवामृत

काकांच्या मांडणीत मला एक धोका दिसतो. ज्ञान जिथे थांबतं तिथे देव, असं म्हटलं की उद्या भेगा दाखवणारं चांगलं यंत्र आलं म्हणजे देव दोन पावलं मागे सरकणार. असा सरकणारा देव ज्ञानदेवांना मान्य नसता. 'अमृतानुभवा'चं सातवं प्रकरण अज्ञानाचं खंडन करतं. तिथे थांबले असते तर ज्ञानाचा जय झाला असता. पण आठव्यात ते ज्ञानाचंही खंडन करतात. अज्ञान होतं म्हणून ज्याला ज्ञान म्हणायचं, ते अज्ञान गेल्यावर कशाच्या आधारावर ज्ञान म्हणून उरेल? ज्ञानी म्हणून गौरवलेल्या माणसाने ज्ञानालाही शेवटचा टप्पा मानलं नाही, याकडे आपलं लक्ष कमी जातं.

माळकरी ताईंचं 'संध्याकाळ झाली होती म्हणून हरिपाठ म्हटला' हे मला या सगळ्या चर्चेतलं सर्वांत जवळचं वाक्य वाटलं. तिथे देव कुठल्याच रिकाम्या जागेत बसवलेला नाही.

---

चिकित्सक

अनुभवामृत, मग तो देव काहीच करत नाही, काहीच सांगत नाही, कशाचं कारणही नाही. अशा देवाला माझा विरोध उरत नाही हे मान्य करतो. पण दिंडीतल्या किती जणांचा देव असा आहे? माझा लढा त्या लाखो लोकांच्या रोजच्या देवाशी आहे, कारण त्याच्याच नावाने पितृदोषाच्या शांती होतात. काका, एक थेट प्रश्न. तुम्ही स्वतः मानता का?

---

कातळवाट

सगळ्यांचे आभार. चिकित्सक, थेट उत्तर देतो. पाऊस पाडणारा, बोर लावणारा, पाप मोजणारा कोणी आहे असं मी मानत नाही. तरुणपणी मानत नव्हतो, आताही नाही. पण दुसऱ्या नारळाला अज्ञान म्हणण्याची माझी तयारी नाही. त्या बाईंना आपल्याला काय माहीत नाही हे नेमकं माहीत होतं. ते माहीत नसलेले साहेब लोक मी कचेरीत पुष्कळ पाहिले.

अनुभवामृत, तुमचा आक्षेप मला लागू पडतो. देवाला अहवालाच्या शेवटच्या ओळीनंतर जागा देण्यात एक प्रकारची कंजुषी आहे, त्यावर विचार करतो आहे. निळी पहाट, तुमच्या आजींच्या त्या दुसऱ्या दिवसावर मला काहीच जोडायचं नाही.

कोरडवाहू, तुमच्यासाठी दोन गोष्टी. सर्व्हेवाल्यांनी परत यायला हवं होतं. अहवाल चुकीचा नसेलही, पण कोरडी बोर ही माहिती असते. खाली काय लागलं, कोणत्या फुटाला भुकटीचा रंग बदलला, हे लिहून घेतलं तर शेजारच्या शेतकऱ्याचे पैसे वाचतात. ते काम आमच्या लोकांचं होतं. आणि आबांना सांगा की पहिली शंभर-दीडशे फूट कोरडी गेल्यावर खाली काही असेलच या आशेने रॉड वाढवू नयेत. आपल्या कातळात खोल गेल्यावर भेगा विरळ होत जातात आणि साठ मीटरच्या पुढे खोदण्यावर राज्याच्या भूजल कायद्याचे निर्बंधही आहेत. त्यांनी कुणाचं वाईट केलं म्हणून पाणी लागलं नाही असं नाही. हे मी भूशास्त्रज्ञ म्हणून लिहून द्यायला तयार आहे.

जुना अहवाल सापडला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खुंट्यांमधलं अंतर आणि विरोधाचे आकडे त्यात असतील. रेड बोलने फसवलं असेल तर ते आकड्यांवरून बऱ्याचदा ओळखता येतं. तसं असलं तर नवीन बोरच्या भानगडीत न पडता वरच्या बाजूला ओढा आणि शेतात जुनी विहीर असेल तर ओढ्यावर पाणी अडवून विहिरीचं पाणी किती वाढेल ते आपण बघू. आबांची हरकत नसेल तर मी येऊन जातो.